जठराला पीळ पडणे: निदान आणि ऑपरेशनबद्दल नाशिकच्या रुग्णांचे व नातेवाइकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटात दुखायला लागलं की आपल्याकडे पहिलं निदान घरातच होतं: गॅस झालाय. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. हे पान त्या थोड्या रुग्णांसाठी आहे ज्यांच्या बाबतीत ते चुकतं, कारण त्यांचं जठर स्वतःभोवती फिरलेलं असतं. आजार दुर्मिळ आहे. वेळेत ओळखला तर माणूस बरा होऊन घरी जातो. उशीर झाला तर जिवावर बेततं. नाशिक शहरातून आणि पेठ, सुरगाणा, कळवण, निफाड, सिन्नर, येवल्याकडून येणारे नातेवाईक शस्त्रक्रिया विभागात जे विचारतात, त्याची ही उत्तरं.

जठराला पीळ पडतो म्हणजे शरीरात काय होतं?

अन्ननलिका संपते तिथपासून लहान आतडं सुरू होतं तिथपर्यंतचा फुगीर भाग म्हणजे जठर. डाव्या बाजूच्या बरगड्यांखाली ते असतं. त्याची दोन्ही टोकं जागेवर बऱ्यापैकी पक्की असतात. मधला भाग पातळ बंधांनी यकृत, प्लीहा, मोठं आतडं आणि श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) यांना जोडलेला असतो. हे बंध सैल असले, किंवा श्वासपटलात मोठी फट पडून जठर छातीत सरकलं, तर त्याला फिरायला जागा मिळते. अर्ध्या वळशाच्या, म्हणजे १८० अंशांच्या पुढे ते फिरलं की भरलेल्या पिशवीचं तोंड पिळून बंद करावं तसं होतं, आणि इथे तर वरचं व खालचं अशी दोन्ही तोंडं बंद होतात. आत गेलेलं अन्न, पाणी, हवा यांना वर यायला वाट राहत नाही आणि खाली जायलाही नाही. जठर फुगत जातं, भिंतीवर ताण येतो आणि शेवटी तिचा रक्तपुरवठा तुटायला लागतो.

निसर्गाने इथे एक सोय करून ठेवली आहे. जठराला एकाच नव्हे, अनेक धमन्यांतून रक्त मिळतं. त्यामुळे पीळ पडलेलं प्रत्येक जठर काही तासांत काळं पडत नाही. पण या सवलतीच्या भरवशावर रात्र काढू नये, कारण कोणाच्या जठराला किती वेळ मिळेल हे बाहेरून कळत नाही.

रिपोर्टवर ‘ऑर्गॅनोअॅक्सियल’ किंवा ‘मेझेंटेरोअॅक्सियल’ लिहिलंय. त्याचा अर्थ?

जठर कोणत्या अक्षाभोवती फिरलं ते त्यात सांगितलेलं असतं. पहिल्या प्रकारात ते आपल्या लांबीच्या अक्षाभोवती फिरतं आणि वरची बाजू खाली, खालची वर होते. मोठ्या माणसांत हाच जास्त दिसतो. बहुतेकदा त्याच्या सोबत श्वासपटलाचा हर्निया, म्हणजे फटीतून पोटातला भाग छातीत सरकणं, असतो आणि रक्तपुरवठा तुटण्याची भीतीही यातच अधिक असते. दुसऱ्या प्रकारात जठर आडव्या अक्षावर दुमडतं आणि त्याचं खालचं टोक वर जातं. हा पीळ पुष्कळदा अर्धवट असतो, येतो आणि सुटतो. काहींच्या बाबतीत दोन्ही एकत्र असतात.

आतड्याला पीळ पडतो म्हणतात, तो हाच का?

नाही. तो मोठ्या किंवा लहान आतड्याला पडतो. त्याची लक्षणं, तपासणी आणि ऑपरेशन सगळंच निराळं आहे. नातेवाइकांच्या बोलण्यात दोन्ही एकत्र होतात, म्हणून भरती करताना डॉक्टरांना ‘कशाला पीळ आहे’ हे एकदा स्पष्ट विचारून घ्या.

हा आजार कोणाला होतो?

जास्त करून पन्नाशीच्या आसपास आणि त्यापुढे. म्हाताऱ्या बायकांत, विशेषतः पाठीला बाक आलेल्यांत, अन्ननलिकेजवळची श्वासपटलाची फट रुंदावलेली असते आणि त्यातून जठर हळूहळू छातीत चढतं. याला मोठा हायटस हर्निया म्हणतात. काहींचं डावं श्वासपटल जन्मापासून पातळ, वर उचललेलं असतं. काहींच्या श्वासपटलाला अपघातात चीर गेलेली असते. त्या वेळी बरगड्या मोडल्या, त्या भरून आल्या, आणि आत राहिलेल्या चिरेतून वर्षांनंतर जठर छातीत गेलं असं होऊ शकतं. उजव्या बाजूला यकृत आड येतं, म्हणून हे डावीकडे जास्त घडतं. मुंबई–आग्रा महामार्गावर किंवा कसारा घाटात कधी मोठा अपघात झाला असेल, तर दहा वर्षांपूर्वीचा असला तरी डॉक्टरांना सांगा. माणसं हे सांगत नाहीत, कारण पोटदुखीचा आणि त्या अपघाताचा संबंध असेल असं त्यांना वाटतच नाही.

एकूण रुग्णांत साधारण १० ते २० टक्के लहान मुलं असतात. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

साधा गॅस आणि हे दुखणं, फरक कसा ओळखायचा?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे.

बरगड्या जिथे मिळतात त्या खळगीत अचानक, जोरात दुखायला लागतं. कधी ते छातीत, डाव्या खांद्यात किंवा पाठीत जातं. मळमळ प्रचंड असते. रुग्ण पुन्हा पुन्हा ओकायला बसतो, उमासे येतात, पण बाहेर काही पडत नाही. पडलीच तर लाळ किंवा फेस. ढेकर येत नाही. पोटाचा वरचा भाग फुगत जातो आणि खालचं पोट मात्र मऊच असतं. जठर छातीत असेल तर पोट फुगलेलं दिसतही नाही, उलट दम लागतो.

मॉरिट्झ बोर्खार्ट या जर्मन शल्यविशारदाने १९०४ मध्ये तीन खुणा एकत्र सांगितल्या: वरच्या पोटात तीव्र वेदना, उलटी न होता नुसते उमासे, आणि नाकातून घातलेली नळी जठरात न उतरणे. शंभराहून अधिक वर्षं झाली तरी आम्ही आजही याच खुणा शोधतो. तिन्ही प्रत्येकात सापडतात असं नाही, पण एकत्र सापडल्या तर दुसरं निदान मनात येण्याआधी एक्स-रे काढायला पाठवावं.

साध्या गॅसमध्ये ढेकर आला, उलटी झाली, वारा सरला की हलकं वाटतं. ओकायचं आहे आणि ओकता येत नाही, ढेकर द्यायचा आहे आणि देता येत नाही, अशी अवस्था अर्ध्या-पाऊण तासात सरली नाही तर घरी थांबू नका. सोबत घाम, चक्कर, काळी किंवा रक्ताची उलटी, दम लागणं यांपैकी काहीही असेल तर अर्धा तासही वाट बघू नका.

ईसीजी नॉर्मल आला आणि ‘हार्टचं काही नाही’ म्हणून घरी पाठवलं. आता?

छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी आधी काढलाच पाहिजे, त्यात काही चूक नाही. हार्ट अटॅक या आजारापेक्षा कितीतरी जास्त आढळतो. गडबड पुढे होते. ईसीजी ठीक, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की वाढणारा घटक) ठीक, मग ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन रुग्णाला घरी सोडतात. दुखणं आणि उमासे तसेच चालू असतील तर घरी नेऊ नका. छातीचा एक साधा एक्स-रे काढायला सांगा, जमल्यास उभ्याने किंवा बसवून. मोठ्या सीटी मशीनची गरज त्या क्षणी नसते. हृदयाच्या सावलीमागे हवा आणि पाण्याची रेघ दिसली तर निम्मं निदान तिथेच होतं. एक्स-रे तालुक्याच्या गावीही निघतो.

घरी काय करायचं आणि काय नाही?

तोंडाने काही देऊ नका. पाणी नको, लिंबू-सोडा नको, इनो नको, ओवा-हिंग नको. बंद पडलेल्या जठरात सोड्याने आणखी वायू तयार होतो. घशात बोटं घालून उलटी काढायचा प्रयत्न करू नका.

पोट चोळून घेऊ नका. बेंबी सरकली, गोळा सरकला म्हणून पोट चोळणारी माणसं प्रत्येक गावात आहेत आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वासही आहे. पण ताणून पातळ झालेल्या जठरावर बाहेरून जोर पडला तर ते फुटू शकतं. लहान मुलांच्या पोटावर डाग देण्याची प्रथा अजूनही कुठे कुठे दिसते. त्या भाजण्याने मुलाला जखम होते, आतला पीळ तसाच राहतो आणि दवाखान्यात पोचायची वेळ निघून जाते. हे मी भगताला किंवा आजीला दोष देण्यासाठी लिहीत नाही. मुलाला घेऊन आधी दवाखान्यात जा, एवढीच कळकळीची विनंती आहे.

रुग्णाला अर्धवट बसतं ठेवा. रोजच्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या, खास करून रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या.

आम्ही सुरगाणा-पेठकडचे. थेट नाशिकला यायचं की आधी गावच्या दवाखान्यात जायचं?

१०८ ला फोन करा आणि जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आधी पोचा. तिथे सलाईन लागतं, वेदना कमी करता येतात, ईसीजी आणि एक्स-रे होतो. मुख्य म्हणजे नाकातून नळी घालायचा प्रयत्न करता येतो. नळी उतरली आणि जठर रिकामं झालं तर सावळघाटातला पुढचा प्रवास रुग्णाला झेपतो. नाही उतरली, तर ‘नळी जात नाही’ हे चिठ्ठीवर लिहून आणा. पुढच्या डॉक्टरांसाठी ते वाक्य एखाद्या रिपोर्टइतकं मोलाचं असतं.

नाशिकमध्ये त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय आणि आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, शिवाय अनेक खासगी रुग्णालयं आहेत. मालेगावकडच्यांना मालेगावचं सामान्य रुग्णालय जवळ पडतं. कुठेही जा, निघण्यापूर्वी फोन करून दोन गोष्टी विचारा: सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का, आणि पोटाचं तातडीचं ऑपरेशन करणारे सर्जन व भूलतज्ज्ञ आहेत का. एका दारातून दुसऱ्या दारात फिरण्यात जे तास जातात, ते जठराच्या हिशेबातून वजा होतात.

कोणत्या तपासण्या होतात?

एक्स-रेने शंका येते, सीटी स्कॅनने खात्री होते. सीटीत जठर कुठे आहे, कोणत्या दिशेला फिरलं आहे, श्वासपटलातली फट केवढी आहे, सोबत प्लीहा किंवा आतडं वर गेलं आहे का, हे दिसतं. शिरेतून औषध सोडून सीटी केला की जठराच्या भिंतीत रक्त पोचतंय का तेही कळतं. भिंतीत हवेचे बुडबुडे दिसले किंवा ती रक्त घेत नसेल, तर ऑपरेशन त्याच वेळी लागतं. या औषधाआधी किडनीचा रिपोर्ट बघतात. रुग्ण अत्यवस्थ असेल तर सर्जन रिपोर्टची वाट न बघता पुढे जायचं ठरवू शकतात.

रक्तात हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, क्षार, किडनी आणि लॅक्टेट बघतात. लॅक्टेट वाढलं तर ऊतींना रक्त कमी पडत असल्याची शंका येते. नॉर्मल आलं म्हणून मात्र निश्चिंत होता येत नाही.

बेरियम पिऊन काढलेले एक्स-रे सावकाश चाललेल्या, येऊन-जाऊन होणाऱ्या दुखण्यात फार उपयोगी पडतात. जठर फुटल्याची शंका असेल तर बेरियम देत नाहीत.

एंडोस्कोपीत जठराची आतली रचना वळलेली दिसते, दुर्बीण खालच्या तोंडापर्यंत पोचत नाही आणि आतली त्वचा गुलाबी आहे की काळवंडली आहे ते डोळ्यांनी बघता येतं.

एक्स-रे आणि सोनोग्राफी नॉर्मल आहे, तरी दुखतं. असं का?

पीळ येऊन-जाऊन असेल तर दुखत नसताना काढलेल्या फोटोत काहीच सापडत नाही. तपासणी दुखत असताना झाली पाहिजे. सोनोग्राफीला हवेच्या पलीकडचं दिसत नाही, त्यामुळे फुगलेल्या जठराबद्दल तिच्यावर विसंबता येत नाही. अशा रुग्णांना आम्ही सांगतो की पुढच्या वेळी कळ आली की त्याच वेळी या, कळ गेल्यावर नको.

आईला वर्षानुवर्षं दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं. तेही हेच असू शकतं?

असू शकतं. तीव्र पिळाची चर्चा सगळे करतात. सावकाश चालणारा पीळ कोणाच्या लक्षात येत नाही. अशा बाईचं दुखणं थोड्याफार फरकाने असं असतं. जेवायला बसलं की छातीखाली दडपल्यासारखं होतं, थोडी उलटी झाली की बरं वाटतं. रात्रीचं जेवण ती सोडून देते. वजन उतरतं. जेवल्यावर जिना चढताना दम लागतो, म्हणून हृदयाच्या तपासण्या होतात आणि त्या चांगल्या येतात. हिमोग्लोबिन कमी असतं, लोहाच्या गोळ्या घेऊनही चढत नाही. श्वासपटलाच्या फटीत जठर घासून त्याच्या आतल्या अस्तराला ओरखडे पडतात आणि त्यातून कळणार नाही इतकं रक्त झिरपत राहतं, हे त्या कमी हिमोग्लोबिनचं कारण असू शकतं. मग वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी चालू राहते आणि घरातले म्हणतात, ‘तिचं पहिल्यापासून असंच आहे.’

साठीच्या पुढच्या बाईला जेवणानंतर पोट गच्च होणं, न चढणारं हिमोग्लोबिन आणि दम या तिन्ही तक्रारी एकत्र असतील, तर एकदा एंडोस्कोपी आणि छाती-पोटाचा सीटी किंवा बेरियम तपासणी करून घ्या. ठरवून, शांतपणे केलेलं ऑपरेशन आणि रात्री दोन वाजता धावपळीत केलेलं ऑपरेशन यांच्या धोक्यात फार अंतर आहे.

दुसऱ्याच कारणासाठी सीटी केला आणि मोठा हायटस हर्निया निघाला. त्रास काहीच नाही. तरी ऑपरेशन?

पूर्वी सगळ्यांनाच करा म्हणायचे. आता तसं नाही. खरोखर काही त्रास नसेल तर अशा हर्नियात तातडीचं ऑपरेशन लागण्याचा धोका वर्षाला साधारण १ टक्का धरतात. वय जास्त आणि हृदय-फुप्फुसं कमजोर असतील तर लक्ष ठेवून थांबणं शहाणपणाचं ठरतं. पण ‘त्रास नाही’ हे नीट तपासून घ्या. कमी जेवायची सवय लावून घेतलेल्या माणसाला त्रास जाणवत नाही.

नाकातून नळी कशासाठी? रुग्णाला ती सहन होत नाही.

नळीने जठरातली हवा आणि पाणी बाहेर येतं, ताण उतरतो, भिंतीला रक्त मिळतं आणि ओकारी फुप्फुसात जाण्याचा धोका कमी होतो. कधी कधी जठर रिकामं झाल्यावर पीळ आपोआप सैल होतो. त्रासदायक आहे, खरं आहे. पहिले काही तास तिच्यासारखं दुसरं औषध नाही, म्हणून रुग्णाचा हात धरून बसा आणि नळी ओढू देऊ नका. नळी अडली तर ती जोर लावून घालत नाहीत, कारण त्याने अन्ननलिकेला किंवा जठराला भोक पडू शकतं. मग एंडोस्कोपीच्या मदतीने घालतात किंवा थेट ऑपरेशनकडे जातात.

नळीने आराम पडला. आता घरी जाऊ का?

नका जाऊ. हवा निघाली, तरी फट आणि सैल बंध जागेवरच आहेत. पीळ पुन्हा पडतो, आणि पुढच्या वेळी तो कुठे, किती वाजता पडेल ते कोणाच्या हातात नाही. रुग्ण स्थिर झाल्यावर त्याच भरतीत कायमचा उपाय करणं उत्तम.

एंडोस्कोपीने पीळ सोडवता येतो, मग ऑपरेशन कशाला?

काहींमध्ये दुर्बीण आत विशिष्ट पद्धतीने वळवून जठर सरळ करता येतं. रुग्ण ऑपरेशनच्या लायक नसेल तर हा चांगला आधार आहे. जठर काळवंडलेलं असेल तर हे करत नाहीत. आणि नुसतं सरळ केलेलं जठर पुन्हा फिरू नये म्हणून ते कुठेतरी अडकवावं लागतंच.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

पूर्ण भूल देतात. जठर भरलेलं असल्याने भूल देण्याचा क्षण जोखमीचा असतो, म्हणून भूलतज्ज्ञ श्वासनलिकेत नळी फार झटपट घालतात.

मग पीळ सोडवायचा. आधी जठर रिकामं केलेलं असेल तर ते हळूहळू खाली ओढता येतं. घाईने ओढलं तर फाटतं, त्यामुळे इथे सर्जनचा संयम लागतो. पीळ सुटला की रंग बघायचा. निळसर जठराला काही मिनिटं वेळ दिला तर पुष्कळदा ते गुलाबी होतं. काही ठिकाणी शिरेतून हिरवा चमकणारा रंग सोडून रक्त कुठपर्यंत पोचतं ते कॅमेऱ्यात बघतात.

त्यानंतर कारणाकडे वळतात. छातीत गेलेली हर्नियाची पिशवी सोडवून काढतात. अन्ननलिका मोकळी करून तिचा दोन-तीन सेंटीमीटर भाग ताण न येता पोटात राहील असं बघतात. श्वासपटलाची फट टाक्यांनी लहान करतात. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती पूर्ण किंवा अर्धवट गुंडाळतात, त्यामुळे आम्ल वर येत नाही आणि दुरुस्ती जागेवर राहायला मदत होते. शेवटी जठर पोटाच्या पुढच्या भिंतीला टाके घालून पक्कं करतात. याला गॅस्ट्रोपेक्सी म्हणतात. श्वासपटल ठीक असून नुसते बंधच सैल असतील तर मुख्य काम गॅस्ट्रोपेक्सीचंच असतं.

या सगळ्या पायऱ्या प्रत्येकाला लागत नाहीत. रुग्णाला किती झेपेल त्यावर सर्जन टेबलावर निर्णय घेतात. म्हणून संमतिपत्रावर सही करताना ‘गरज पडली तर’ या शब्दांनंतर काय लिहिलंय ते वाचा आणि समजलं नाही तर विचारा.

दुर्बिणीतून की पोट उघडून?

रुग्ण स्थिर असेल आणि हाताशी अनुभवी टीम असेल तर दुर्बिणीतून. चार-पाच लहान छेद, कमी वेदना, फुप्फुसांना कमी त्रास. वयस्कर रुग्णांत हा फायदा मोठा असतो. रक्तदाब घसरलेला असेल, जठर फुटलं असेल किंवा सडलं असेल तर पोट उघडणं सुरक्षित. दुर्बिणीने सुरू करून मधेच पोट उघडावं लागलं तर ती सर्जनची हार समजू नका. रुग्णाच्या भल्यासाठी घेतलेला तो निर्णय असतो.

जाळी बसवतात का?

फट खूप मोठी असेल किंवा टाके ताणाखाली असतील तर काही सर्जन बसवतात. अन्ननलिकेजवळची कृत्रिम जाळी कालांतराने अन्ननलिकेत घुसण्याचा थोडा धोका असतो, आणि जाळीमुळे दीर्घकाळात हर्निया परत येणं नक्की कमी होतं हे सिद्ध झालेलं नाही. सरसकट सगळ्यांना जाळी हे मला पटत नाही.

जठराचा भाग काळा पडला असेल तर?

तेवढा भाग काढून टाकतात. पूर्ण जठर काढावं लागणं क्वचित घडतं. तसं झालं तर अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात. माणूस त्यानंतरही जेवतो, जगतो. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खातो आणि जीवनसत्त्व बी-१२ ची इंजेक्शनं आयुष्यभर घेतो.

आजी ८२ वर्षांच्या आहेत. ऑपरेशन झेपेल का?

वयापेक्षा हृदय, फुप्फुसं, किडनी आणि आजाराआधी त्या घरात किती हिंडत-फिरत होत्या, याला महत्त्व. अशक्त रुग्णांसाठी छोटा मार्ग आहे: पीळ सोडवायचा आणि जठर पोटाच्या भिंतीला एक-दोन जागी अडकवायचं. हे दुर्बिणीतून करता येतं, किंवा एंडोस्कोपीने पोटावरून जठरात नळी बसवून. त्याने हर्निया पूर्ण दुरुस्त होत नाही, पण पीळ पुन्हा पडण्याची शक्यता बरीच घटते. ‘आता या वयात कशाला’ असं ठरवण्याआधी आजींना विचारा. त्या शुद्धीवर असतील तर निर्णय त्यांचा आहे.

जिवाला धोका किती?

जुन्या वैद्यकीय साहित्यात तीव्र पिळात ३० ते ५० टक्के मृत्यू नोंदवलेले आहेत. आता लवकर सीटी, अतिदक्षता विभाग आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनमुळे हे प्रमाण बरंच खाली आलं आहे. जठर सडण्यापूर्वी पोचलेला रुग्ण आणि नंतर पोचलेला रुग्ण यांच्यात मात्र आजही मोठा फरक पडतो.

बाळाला जठराचा पीळ कसा ओळखायचा?

मुलांतले बहुतेक रुग्ण एक वर्षाच्या आतले असतात. दूध पाजल्यावर जोरात उलटी किंवा नुसते उमासे, वरचं पोट टम्म, सतत रडणं, धाप, वजन न वाढणं. श्वासपटलातला जन्मजात दोष किंवा जागेवर न राहणारी प्लीहा हे कारण असू शकतं. अंग निळं पडलं, बाळ मलूल झालं, उलटी हिरवी किंवा रक्ताची झाली तर ताबडतोब बालशल्यविशारदाकडे. सौम्य, अर्धवट पिळात काही बाळांना ऑपरेशनशिवाय बरं वाटतं: थोडं थोडं दूध, पाजल्यावर उभं धरणं, आणि डॉक्टरांची नियमित नजर. मात्र पीळ सौम्य आहे की नाही हे घरी ठरवू नका.

ऑपरेशननंतर किती दिवस राहावं लागतं? खायचं काय?

दुर्बिणीचं, ठरवून केलेलं ऑपरेशन असेल तर साधारण दोन ते चार दिवस. तातडीचं असेल, जठराचा भाग काढला असेल तर जास्त.

पहिल्या दिवसांत मळमळ दाबून ठेवणं फार महत्त्वाचं. जोराच्या उमाशाने नवे टाके तुटू शकतात, म्हणून मळमळ वाटताच नर्सला सांगा, उलटीची वाट बघू नका.

आधी पाणी, ताक, वरणाचं पाणी, नागलीची पातळ पेज. मग तीन-चार आठवडे मऊ: गुरगुट्या भात, मुगाचं वरण, पातळ उपमा, दही-भात, शिजवून कुस्करलेला दुधी. अन्ननलिकेचं तोंड सुजलेलं असतं, त्यामुळे पाव, कोरडी भाकरी, मटणाचे तुकडे अडकतात. नाशिककराला मिसळ किती दिवस बंद, हे पहिल्याच भेटीत विचारलं जातं. महिनाभर तरी, आणि त्यानंतरही आधी पावाशिवाय थोडा रस्सा खाऊन बघा. चिवडा, शेव, सालासकट द्राक्षं नंतर. सोडा-कोल्ड्रिंक नको, स्ट्रॉने पिणं नको. दोन्हीने हवा आत जाते. मोठ्या गोळ्या कुटून घ्यायच्या का ते डॉक्टरांना विचारा, कारण काही गोळ्या कुटायच्या नसतात.

घास अडकल्यासारखं वाटणं आणि पोट फुगणं सुरुवातीचे काही आठवडे असतं, मग कमी होतं. ताप, वाढती पोटदुखी, दम, पाणीसुद्धा न उतरणं यासाठी मात्र लगेच परत या.

शेतात कधी जाऊ शकतो?

चालणं पहिल्या दिवसापासून. वजन उचलणं सहा आठवडे नाही. द्राक्षाची छाटणी, विरळणी उभ्याने होते, ती त्याआधी थोडी थोडी जमते. पाठीवरचा १६ लिटरचा फवारणीचा पंप, क्रेट, कांद्याच्या गोण्या यांना हात लावू नका. ऑक्टोबर छाटणी तोंडावर असेल आणि दुखणं तातडीचं नसेल, तर ऑपरेशनची तारीख ठरवताना सर्जनला बागेचं वेळापत्रक सांगा. तारीख पुढे-मागे करता येते. बद्धकोष्ठ आणि खोकला यांवर वेळेत उपचार घ्या. कुंथण्या-खोकण्यानेही टाक्यांवर ताण येतो.

परत होतो का?

दुरुस्ती आणि गॅस्ट्रोपेक्सी नीट झाल्यावर पीळ परत पडणं फार कमी. हर्निया थोडाफार परत दिसणं मात्र नेहमीचं आहे. मोठ्या हर्नियाच्या रुग्णांची काही वर्षांनी तपासणी केली तर अनेकांत तो दिसतो, बहुतेकांना त्याचा त्रास नसतो, आणि पुन्हा ऑपरेशन थोड्यांनाच लागतं.

खर्चाचं काय?

ऑपरेशन कोणतं, अतिदक्षता विभागात किती दिवस, यावर खर्च फार बदलतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या माणसाचं, टेबल असतं. भरती होतानाच तिथे जा, रेशन कार्ड आणि आधार दाखवा आणि हे ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं ते विचारून घ्या. तातडीत कागद घरी राहिले असतील तर रुग्णाला आत पाठवा आणि कागद मागून कसे द्यायचे ते आरोग्यमित्रालाच विचारा. डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशनची पूर्ण नोंद आणि सीटीची सीडी मागून घ्या. पुढे कधीही, कुठेही पोट दुखलं तर जठर कुठे आणि कसं अडकवलं आहे हे नव्या डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.